पदकांच्या बळावर की कार्याच्या? ‘सर’ आणि ‘डेम’ किताबांसाठी शिफारस करू इच्छिणाऱ्यांकरिता एक तुलना

ब्रिटनमध्ये आणि न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेली मराठी माणसे आता तेथील क्रिकेट क्लबांच्या, धावपटूंच्या संघांच्या आणि मुलांच्या क्रीडा-प्रशिक्षण वर्गांच्या कारभारात रुळली आहेत. त्यामुळे आपल्या परिचयातील एखाद्या खेळाडूसाठी किंवा प्रशिक्षकासाठी राजसन्मानाची शिफारस करावी, असा विचार त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अशी शिफारस कोणीही करू शकतो. तिच्यासाठी पद किंवा ओळखपाळख लागत नाही. मात्र अर्ज लिहायला बसल्यावर पहिलीच अडचण उभी राहते ती अर्जाच्या पायाची. खेळाडूने मैदानावर जे मिळवले त्यावर भर द्यावा, मैदान सोडल्यानंतर त्याने इतरांसाठी जे केले त्यावर द्यावा, की दोन्ही पूर्ण दिसेपर्यंत थांबावे? क्रीडासेवेबद्दल ‘सर’ आणि ‘डेम’ झालेल्यांची उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, तर या प्रश्नाचे बरेच स्पष्ट उत्तर मिळते. माझे मत आरंभीच नोंदवतो: अर्ज कार्यावर उभा करावा, पदके त्याला आधार म्हणून वापरावीत आणि त्यासाठी खेळाडूच्या उतारवयाची वाट पाहू नये.

तुलनेआधी व्यवस्था थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये सन्मानांच्या दोन मोठ्या याद्या दरवर्षी जाहीर होतात, एक नववर्षाला आणि दुसरी जून महिन्यात, राजाच्या अधिकृत वाढदिवसाच्या निमित्ताने. खालून वर जाताना बीईएम (ब्रिटिश एम्पायर मेडल) आणि मग ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर या मानश्रेणीतील एमबीई (मेंबर), ओबीई (ऑफिसर) व सीबीई (कमांडर) अशा पायऱ्या लागतात आणि त्यांच्याही वर पुरुषांसाठी ‘सर’ व स्त्रियांसाठी ‘डेम’ ही संबोधने देणारे किताब आहेत. यांपैकी कोणता सन्मान द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार शिफारस करणाऱ्याला नसतो. क्रीडाक्षेत्रासाठी स्वतंत्र समिती आहे. ती अर्ज तपासते आणि पायरीही ठरवते. म्हणून ‘यांना सर करा’ असा आग्रह अर्जात धरण्याला अर्थ नाही. केलेल्या कामाचे वजन समितीला अचूक कळेल असे लिहिणे, एवढेच आपल्या हाती असते.

आता पहिली जोडी पाहू. माझ्या दृष्टीने या विषयावर सर्वांत जास्त प्रकाश टाकणारी जोडी हीच आहे. २ सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिंपिक स्टेडियमवर न्यूझीलंडच्या दोन धावपटूंनी सुमारे तासाभराच्या अंतराने सुवर्णपदके जिंकली. पीटर स्नेल हा २१ वर्षांचा, फारसा कोणाला ठाऊक नसलेला तरुण ८०० मीटरमध्ये पहिला आला आणि मरे हॅलबर्ग ५००० मीटरमध्ये. दोघेही ऑकलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांचे शिष्य होते. निव्वळ धावण्याच्या कर्तृत्वाचा हिशेब मांडला तर स्नेल यांचे पारडे निःसंशय जड आहे, कारण त्यांनी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ८०० आणि १५०० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली आणि मधल्या काळात एक मैलाचा विश्वविक्रमही नोंदवला. तरीही ‘सर’ हा किताब हॅलबर्ग यांना १९८८ मध्ये मिळाला आणि स्नेल यांना २००९ मध्ये.

या २१ वर्षांच्या अंतरामागे एकच कारण नाही. स्नेल पुढे अमेरिकेत गेले, तेथे त्यांनी व्यायामशरीरशास्त्रात संशोधन केले आणि डॅलसमध्ये दीर्घकाळ काम केले. मायदेशाच्या रोजच्या नजरेपासून ते दूर राहिले. शिवाय न्यूझीलंडने २००० मध्ये ‘सर’ आणि ‘डेम’ ही संबोधने बंद केली आणि २००९ मध्ये पुन्हा सुरू केली, त्यामुळे २००२ मध्ये स्नेल यांना त्याच दर्जाचा सन्मान मिळाला असूनही नावामागे ‘सर’ लागायला आणखी सात वर्षे गेली. परंतु हॅलबर्ग यांच्या बाजूला जे होते, ते कोणत्याही अर्जदाराने ध्यानात ठेवावे असे आहे. तरुणपणी रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीमुळे त्यांचा डावा हात निकामी झाला होता. स्वतः त्या अनुभवातून गेलेल्या या माणसाने १९६३ मध्ये दिव्यांग मुलांना खेळात आणण्यासाठी एक न्यास स्थापन केला, तो पुढे अनेक दशके चालवला आणि वाढवला. १९८८ चा किताब केवळ रोममधल्या शर्यतीचा नव्हता. त्यात दिव्यांग मुलांसाठी केलेल्या कामाचीही दखल होती. स्नेल मोठे धावपटू होते याबद्दल वाद नाही. अर्ज म्हणून पाहिले, तर मात्र हॅलबर्ग यांचा अर्ज अधिक भक्कम ठरतो, कारण त्यात पदकानंतरच्या पंचवीस वर्षांची साक्ष आहे.

दुसरी जोडी एकाच यादीतली आहे. २००५ च्या नववर्ष यादीत केली होम्स आणि टॅनी ग्रे-थॉम्पसन या दोघी एकाच वेळी ‘डेम’ झाल्या. होम्स यांनी काही महिन्यांपूर्वीच, वयाच्या ३४ व्या वर्षी, अथेन्समध्ये ८०० आणि १५०० मीटरची सुवर्णपदके जिंकली होती. ऑलिंपिकमध्ये अशी दुहेरी कामगिरी याआधी करणारा ब्रिटिश धावपटू म्हणजे १९२० मधील अल्बर्ट हिल. लष्करात सेवा केलेल्या, दुखापतींनी वारंवार गाठलेल्या या स्त्रीच्या यशाने देश हेलावला आणि समितीने विलंब लावला नाही. ग्रे-थॉम्पसन यांची वाट वेगळी होती. व्हीलचेअरवरून शर्यती खेळणाऱ्या या खेळाडूने १९८८ ते २००४ या पाच पॅरालिंपिकमध्ये ११ सुवर्णांसह १६ पदके मिळवली आणि लंडन मॅरेथॉन सहा वेळा जिंकली. त्यांना १९९३ मध्ये एमबीई, २००० मध्ये ओबीई आणि मग २००५ मध्ये डेम असे एकेक पायरी चढत जावे लागले.

दोन्ही निर्णय योग्य होते, असे मला वाटते. पण शिफारस करणाऱ्याने यांतील कोणत्या नमुन्यावर विसंबावे, असे कोणी विचारले तर मी ग्रे-थॉम्पसन यांच्याकडे बोट दाखवीन. होम्स यांच्यासारखा क्षण ऑलिंपिकच्या इतिहासात क्वचित येतो आणि तो आलाच, तर समितीला तुमच्या-माझ्या अर्जाची गरज उरत नाही; साऱ्या देशाने तो पाहिलेला असतो. टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या कामाची नोंद मात्र कोणीतरी आपण होऊन ठेवावी लागते. ग्रे-थॉम्पसन २०१० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य झाल्या, दिव्यांगांच्या हक्कांचे आणि प्रवासातील अडचणींचे प्रश्न त्यांनी तेथे सातत्याने मांडले, आणि खेळाडूंची काळजी घेण्याची क्रीडासंस्थांची जबाबदारी काय असते, यावर सरकारसाठी त्यांनी तयार केलेला अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सारे किताबानंतरचे असले, तरी त्याची दिशा आधीच दिसू लागली होती.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की, मग थांबणेच शहाणपणाचे. खेळाडू निवृत्त होऊ द्यावा, त्याचे काम उभे राहू द्यावे आणि मग सावकाश अर्ज करावा. या विचारातला धोका फ्रँक वॉरेल आणि बॉबी मूर यांची नावे शेजारी ठेवली की लक्षात येतो. वॉरेल हे वेस्ट इंडिजच्या क्रिकेट संघाचे संपूर्ण मालिकेसाठी नेमले गेलेले पहिले कृष्णवर्णीय कर्णधार होते. वेगवेगळ्या बेटांतून आलेल्या खेळाडूंना त्यांनी एक संघ म्हणून उभे केले आणि १९६३ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर निवृत्ती घेतली. १९६४ च्या नववर्ष यादीत ते ‘सर’ झाले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशीही ओलांडली नव्हती. मार्च १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. समितीने ‘अजून दहा वर्षे पाहू’ असे म्हटले असते, तर वॉरेल यांना तो सन्मान कधीच मिळाला नसता.

भारतीय वाचकाला वॉरेल यांची आणखी एक ओळख आहे. १९६२ मध्ये बार्बाडोस येथे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून त्यांचा जीव धोक्यात आला, तेव्हा त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार वॉरेल होते आणि त्यांच्याबरोबर आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर हेही होते. बंगाल क्रिकेट संघटना आजही ३ फेब्रुवारीला वॉरेल यांच्या स्मरणार्थ रक्तदान घडवून आणते. खेळाची सेवा म्हणजे काय, असे कोणी मला विचारले, तर धावांच्या कोणत्याही आकड्याआधी मला हा प्रसंग आठवतो.

बॉबी मूर यांच्या बाबतीत याउलट घडले. १९६६ मध्ये इंग्लंडला फुटबॉलचा विश्वचषक जिंकून देणाऱ्या या कर्णधाराला १९६७ मध्ये ओबीई मिळाले. त्याच वर्षी प्रशिक्षक आल्फ रॅम्सी मात्र ‘सर’ झाले. मूर १९९३ मध्ये ५१ व्या वर्षी कर्करोगाने गेले, तोवर त्यापुढची पायरी त्यांच्या वाट्याला आली नव्हती. त्यांचे सहकारी बॉबी चार्लटन १९९४ मध्ये आणि जेफ हर्स्ट १९९८ मध्ये ‘सर’ झाले, आणि त्या विजयी संघातील पाच जणांना तर एमबीईसुद्धा २००० मध्ये, म्हणजे अंतिम सामन्यानंतर तब्बल ३४ वर्षांनी मिळाले. ब्रिटनमध्ये शौर्यपदके वगळता कोणताही सन्मान मरणोत्तर दिला जात नाही. हा नियम ठाऊक असूनही अर्ज पुढे ढकलणाऱ्याने मूर यांचे उदाहरण विसरू नये.

न्यूझीलंडमधील आणखी एक जोडी काळ कसा बदलला ते दाखवते. यवेट विल्यम्स यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये लांब उडीचे सुवर्णपदक जिंकले आणि त्या ऑलिंपिक सुवर्ण मिळवणाऱ्या न्यूझीलंडच्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांचे नाव ‘डेम’ म्हणून यादीत आले ते २०१९ च्या जूनमध्ये, एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर. त्याच हेलसिंकीमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते आणि त्यांनाही अर्जुन पुरस्कार मरणोत्तरच मिळाला, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. विल्यम्स यांच्याच देशातील कयाक-खेळाडू लिसा कॅरिंग्टन यांनी टोकियोच्या एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली आणि २०२२ च्या नववर्ष यादीत त्या ‘डेम’ झाल्या, वयाच्या ३२ व्या वर्षी, खेळत असतानाच. एकीकडे ६७ वर्षे आणि दुसरीकडे जेमतेम पाच महिने. आजची घाई कालच्या उपेक्षेहून निश्चितच बरी आहे, असे मी मानतो.

खेळत असतानाच किताब मिळाल्याने खेळाडूचे काही बिघडते का, अशी शंका घेतली जाते. रिचर्ड हॅडली यांचे उदाहरण त्याला पुरेसे उत्तर आहे. फेब्रुवारी १९९० मध्ये क्राइस्टचर्च येथे संजय मांजरेकर यांना बाद करून कसोटीत ४०० बळी घेणारे ते पहिले गोलंदाज झाले, जूनच्या यादीत ‘सर’ झाले आणि त्यानंतरच्या आपल्या अखेरच्या कसोटीत, एजबॅस्टनवर, शेवटच्या डावात त्यांनी पाच बळी घेतले, त्यांपैकी शेवटचा तर कारकिर्दीच्या अगदी अखेरच्या चेंडूवर. त्याआधी फुटबॉलपटू स्टॅनली मॅथ्यूज १९६५ च्या नववर्षाला ‘सर’ झाले आणि पुढच्याच महिन्यात, वयाची पन्नाशी पूर्ण करून, आपला शेवटचा लीग सामना खेळले. सायकलपटू ख्रिस हॉय यांनी बीजिंगमधल्या तीन सुवर्णांनंतर २००९ मध्ये किताब स्वीकारला आणि लंडनमध्ये २०१२ साली आणखी दोन सुवर्णे जिंकली.

निव्वळ पदके अपुरी पडतात, याचा सर्वांत ठळक पुरावा मात्र धावपटूंमध्येच सापडतो. सबॅस्टियन को यांनी १९८० आणि १९८४ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरची सुवर्णपदके जिंकली, अनेक विश्वविक्रम केले, आणि त्याबद्दल त्यांना एमबीई व पुढे ओबीई मिळाले. ‘सर’ ते झाले २००६ मध्ये, म्हणजे २०१२ चे ऑलिंपिक लंडनला मिळवून देणाऱ्या मोहिमेचे नेतृत्व केल्यानंतर. रॉजर बॅनिस्टर यांनी ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये चार मिनिटांच्या आत मैल धावून जगाला थक्क केले. त्यांचा किताब १९७५ चा, क्रीडा परिषदेचे अध्यक्षपद सांभाळल्यानंतरचा आहे. आणि मेरी पीटर्स यांच्याबद्दल तर जास्त लिहावेसे वाटते. उत्तर आयर्लंडमध्ये वाढलेल्या पीटर्स यांनी १९७२ मध्ये म्युनिकला पेंटॅथलॉनचे (पाच मैदानी प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेचे) सुवर्णपदक ४८०१ गुणांच्या विश्वविक्रमासह जिंकले. तो उत्तर आयर्लंडमधील हिंसाचाराचा अत्यंत भीषण काळ होता आणि त्यांना जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या होत्या. तरीही त्या परत बेलफास्टलाच गेल्या, तेथेच राहिल्या, शहरातील खेळाडूंसाठी चांगली धावपट्टी व्हावी म्हणून त्यांनी निधी जमवला, आणि ती धावपट्टी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९७३ मध्ये एमबीई, १९९० मध्ये सीबीई, २००० मध्ये डेम आणि त्यानंतरही आणखी मोठे सन्मान, असा त्यांचा प्रवास आहे. अर्ज कसा असावा याचा नमुना मला कोणी मागितला, तर मी पीटर्स यांचे चरित्र समोर ठेवीन: एक पदक, आणि त्याच्या बळावर एकाच शहरासाठी आयुष्यभर केलेले काम.

पुरुष आणि स्त्रियांच्या किताबांतला फरकही समजून घ्यावा. बहुतेक पुरुष खेळाडूंना मिळतो तो ‘नाइट बॅचलर’ हा, कोणत्याही मानश्रेणीचा भाग नसलेला जुना किताब. स्त्रियांसाठी तसा स्वतंत्र किताब नसल्याने त्यांना ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायरमधील ‘डेम कमांडर’ ही श्रेणी दिली जाते. औपचारिक क्रमाने ती वरची असली, तरी व्यवहारात दोन्हींचा मान सारखाच आहे. एक असमानता मात्र अजून उरली आहे. ‘सर’ झालेल्याच्या पत्नीला ‘लेडी’ म्हणतात, ‘डेम’ झालेल्या स्त्रीच्या पतीला काहीच संबोधन मिळत नाही. हे बदलायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पात्रतेबाबत मराठी कुटुंबांत बराच गोंधळ आढळतो. पूर्ण किताब ब्रिटिश नागरिकांना, तसेच ब्रिटनचा राजा ज्या इतर देशांचा राष्ट्रप्रमुख आहे त्यांपैकी काही देशांच्या नागरिकांना मिळू शकतो. इतर देशांच्या नागरिकांना मानद सन्मान दिला जातो आणि त्यांना ‘सर’ लावता येत नाही. पेले यांना १९९७ मध्ये मिळालेला सन्मान असाच होता. भारतीय पारपत्र असलेल्यांसाठी संविधानाचे कलम १८ आहे, ज्यानुसार भारताच्या नागरिकाला परकीय राज्याकडून किताब स्वीकारता येत नाही. ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे आणि ओसीआय कार्ड बाळगले आहे, ते भारताचे नागरिक नसल्याने त्यांना ही आडकाठी नाही. ऑस्ट्रेलियातील वाचकांसाठी हा प्रश्नच उरत नाही, कारण तेथे ‘सर’ व ‘डेम’ देण्याची प्रथा २०१५ मध्ये पुन्हा बंद करण्यात आली.

आता निर्णयाकडे येऊ. तुमच्या मनातील व्यक्ती नामांकित खेळाडू असेल आणि तिची कामगिरी ताजी व सर्वज्ञात असेल, तर तुमच्या अर्जाने फारसा फरक पडणार नाही. अशा वेळी पदकांची यादी पुन्हा लिहिण्याऐवजी तिने आपल्या गावासाठी किंवा क्लबसाठी जे केले आणि जे वृत्तपत्रांत आले नाही, ते लिहावे. व्यक्ती निवृत्त खेळाडू असेल आणि प्रशिक्षण, दिव्यांगांचे खेळ किंवा मुलींचा सहभाग अशा क्षेत्रांत काम करत असेल, तर अर्ज विनाविलंब करावा, कारण काम अजून चालू असणे ही जमेची बाजू आहे. आणि ती व्यक्ती पदकांपासून दूर राहून वर्षानुवर्षे दर शनिवारी मुलांना क्रिकेट शिकवणारी असेल, तर ‘सर’ची अपेक्षा न ठेवता अर्ज करावा. १९९३ मध्ये बंद झालेले बीईएम २०१२ पासून पुन्हा दिले जाते, ते स्थानिक पातळीवरच्या अशाच सेवेसाठी, आणि एमबीईही अशा कामासाठी मिळते. मला स्वतःला या यादीतील ही नावे वाचताना सर्वाधिक आनंद होतो.

अर्जासोबत त्या व्यक्तीचे काम जवळून पाहिलेल्या किमान दोघांची पत्रे जोडावीत. त्यांत ‘अतिशय मेहनती’, ‘सर्वांचे लाडके’ अशी विशेषणे टाळून काम सुरू होण्यापूर्वी काय परिस्थिती होती आणि आज काय आहे, हे ठोस शब्दांत सांगावे: किती मुली खेळायला येत होत्या आणि आता किती येतात, कोणते मैदान वाचले, कोणत्या वस्तीतील मुलांना पहिल्यांदा बॅट हातात मिळाली. संबंधित व्यक्तीला अर्जाची कल्पना देऊ नये, कारण नकार आल्यास तिला उगाच दुःख होते. करविषयक बाबींसह पार्श्वभूमीची तपासणी होते आणि सन्मान मिळाल्यानंतरही गंभीर गैरवर्तनामुळे तो परत घेतला जाऊ शकतो. नामवंत जॉकी लेस्टर पिगॉट यांचे ओबीई करचुकवेगिरीच्या शिक्षेनंतर काढून घेण्यात आले होते. निर्णय यायला साधारण १२ ते १८ महिने लागतात, म्हणून व्यक्ती सत्तरीच्या पुढे असेल, तर अर्ज पुढच्या वर्षावर न टाकता याच महिन्यात पाठवावा.